स्थानिक सुट्टी : गावाची की कचेरीची?

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास राज्य शासनाचा पुढील वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता प्रसिद्ध होतो. शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांमधून या तक्त्याचे जितक्या आस्थेने वाचन होते तितक्या आस्थेने अर्थसंकल्पाचेही होत नसेल. कोणता सण रविवारी ‘वाया’ गेला, कोणती सुट्टी शनिवारला लागून आली, कोठे एक नैमित्तिक रजा टाकली म्हणजे सलग चार दिवस पदरात पडतात, याचा हिशेब मांडण्यात आपण सारेच तरबेज आहोत. तथापि या तक्त्याच्या मुळाशी कोणता कायदा आहे, हे विचारले तर शंभरातील नव्वदांना सांगता येणार नाही. तो कायदा धर्माचा नाही, संस्कृतीचा नाही आणि श्रमिकांच्या विश्रांतीचा तर मुळीच नाही. तो आहे १८८१ सालचा परक्राम्य संलेख अधिनियम. म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा. ज्या दिवशी पेढ्या बंद असतील त्या दिवशी एखाद्या हुंडीची मुदत भरली तर पैसे केव्हा द्यावयाचे, असा व्यापारी प्रश्न होता. या कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने उत्तर दिले, की अशी हुंडी आदल्या कामाच्या दिवशीच देय समजावी. असा ‘सार्वजनिक सुट्टीचा दिवस’ कोणता, हे सरकारने अधिसूचनेने ठरवावे, एवढीच काय ती तरतूद. तिच्यातून आजचा आपला तक्ता निघाला. २०२५ च्या तक्त्यात अशा २४ सुट्ट्या होत्या. गुढीपाडवा काय आणि रमजान ईद काय, शासनदरबारी त्यांची नोंद होते ती धनकोला पैसे केव्हा मिळावेत या संदर्भात!

असो. मला येथे लिहावयाचे आहे ते या तक्त्याबाहेरच्या एका लहानशा सुट्टीविषयी. ती मंत्रालयातून येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन दिवस आपापल्या जिल्ह्यापुरती ‘स्थानिक सुट्टी’ जाहीर करण्याचा अधिकार असतो. त्या आदेशाचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते. हा आदेश न्यायालये, केंद्र शासनाची कार्यालये आणि बँका यांना लागू राहणार नाही, असे ते वाक्य. म्हणजे गावाच्या सणाला कचेरी बंद राहील, शाळा बंद राहील. हुंडी मात्र थांबणार नाही. १८८१ च्या कायद्याला गाव दिसत नाही. ते फक्त या तीन दिवसांच्या स्थानिक सुट्टीला दिसते. एखाद्या ठिकाणाचा काळ हा त्या ठिकाणाचा स्वतःचा असतो, राज्याच्या इतर भागांहून तो वेगळा असू शकतो, याची आपल्या साऱ्या शासनव्यवहारातील एवढीच एक कबुली आहे. म्हणून ती लहान असली तरी क्षुल्लक नाही.

या सुट्टीचे मोल मला प्रथम कळले ते आपल्या देशात नव्हे, तर हॉलंडात. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका परिसंवादाच्या निमित्ताने तिकडे जाण्याचा योग आला. परिसंवाद दोन दिवसांत आटोपला. परतीचे विमान आठवड्यानंतरचे होते. पाठीवर एक पिशवी, खिशात मोजके युरो आणि रात्रीच्या मुक्कामाला आठ-आठ खाटांच्या खोल्या असलेली तरुणांची वसतिगृहे, असा तो प्रवास होता. चाळिशी उलटलेल्या अध्यापकाला वरच्या खाटेवर चढताना पाहून खालच्या खाटांवरील मुलांची जी करमणूक झाली ती वेगळीच. देश एवढा लहान, की एका शहरातून आगगाडीने निघावे आणि वर्तमानपत्र वाचून संपण्याच्या आत दुसरे शहर यावे. आपण कल्याणहून मुंबईला नोकरीसाठी रोज याहून अधिक प्रवास करतो.

तीन ऑक्टोबरला मी लायडन येथे होतो. वार सोमवार. पहाटेच वाद्ये वाजू लागली. शहरातील दुकाने बंद, शाळा बंद, नगरपालिकेची कचेरी बंद. रस्त्यांवर मात्र जत्रा उसळलेली. चौकशी करता कळले, की ही सुट्टी हॉलंडची नाही, या प्रांताचीही नाही; एकट्या लायडन शहराची आहे. येथून गाडीने पाऊण तासाच्या आत असलेल्या ॲमस्टरडॅममध्ये त्याच वेळी लोक नेहमीप्रमाणे कामावर गेले होते.

कारण साडेचारशे वर्षांपूर्वीचे आहे. स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध डच प्रांतांनी बंड केले, तेव्हा स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला. उपासमारीने आणि रोगराईने हजारो माणसे मेली. शेवटी बंडखोरांनी आपल्याच मुलखातील बांध फोडले, समुद्राचे पाणी शेतांवर घेतले आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या नावा शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी वेढा उठला. नावांतून आलेले हेरिंग मासे आणि पांढरा पाव उपाशी नगरवासीयांना वाटण्यात आला. स्पॅनिशांच्या सोडून दिलेल्या छावणीत एका अनाथ मुलाला कंदमुळांच्या कालवणाचे भांडे सापडले, अशीही आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, या शहरात विद्यापीठ स्थापन झाले. आजही ३ ऑक्टोबरला वजनकाट्याच्या जुन्या इमारतीत हेरिंग आणि पाव वाटतात आणि घरोघर ‘हुत्सपोत’ म्हणजे गाजर, कांदा व बटाटा एकत्र शिजवून घोटलेला पदार्थ करतात. १५७४ साली त्या मुलखात बटाटा कोणी खात नव्हते, हे खरे. परंतु परंपरेच्या ताटात असे मागाहून आलेले पाहुणे असतातच; आपल्या उपवासाच्या साबुदाण्याविषयी, शेंगदाण्याविषयी आणि त्याच बटाट्याविषयी वेगळे काय सांगावे? मी एका गाडीवरून बारीक चिरलेल्या कांद्यासह हेरिंग घेतला. खाडीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला माशाचे भय नसते. तरी तो न शिजवता खावयाचा, ही कल्पना घशाखाली उतरण्यास थोडा वेळ लागला.

पाच ऑक्टोबरला, म्हणजे त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दिवशी, मी हारलेममध्ये होतो. माझ्या गावासमोर, खाडीपलीकडे, दुर्गाडीवर नवरात्राच्या जत्रेचा शेवटचा दिवस असणार आणि मी एका परक्या शहरात कामाच्या दिवशी हिंडत होतो. हारलेमलाही स्पॅनिशांचा वेढा पडला होता, लायडनच्या आधी. त्या शहराने सात महिने झुंज दिली. परंतु जुलै १५७३ मध्ये ते शरण आले आणि पुष्कळांची कत्तल झाली. हारलेमला लायडनसारखा सुटकेचा दिवस नाही. तेच सैन्य मग उत्तरेकडील आल्कमारवर चालून गेले. तेथे ते हरले आणि ८ ऑक्टोबर १५७३ ला वेढा उठला. आल्कमारला ८ ऑक्टोबरचा उत्सव आहे. सुट्टीच्या तक्त्यात इतिहास असतो तो जिंकलेल्यांचा, हे एरवी पुस्तकात वाचावयाचे वाक्य मला तेथे पिशवी पाठीला लावून तीन शहरांत पायी पाहावयास मिळाले. त्याच देशात ग्रोनिंगेन शहर २८ ऑगस्टला १६७२ मधील आपली सुटका साजरी करते. दक्षिणेकडील ब्राबांट आणि लिम्बुर्ख या प्रांतांत उपवासपर्वापूर्वीचा कार्निव्हल असा रंगतो, की उत्तरेच्या माणसाला तो परदेश वाटावा. आणि सबंध देशाचा सर्वांत लाडका सण, ५ डिसेंबरच्या रात्रीचा सिंटरक्लास, याला तर सुट्टीच नाही!

अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे माझ्या मनात साहजिकच एक हिशेब चालू होता. एका शहराने एक दिवस दुकाने बंद ठेवली तर तोटा किती? लायडनमध्ये उत्तर समोरच होते. दुकान बंद होते पण गाडीवाला होता, पाळणेवाला होता, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत शेजारच्या शहरांतील माणसे पुष्कळ होती. त्यांना त्या दिवशी येता आले, कारण आगगाड्या आणि त्यांची आपली शहरे चालू होती. सर्वांची सुट्टी एकाच दिवशी असली म्हणजे काय होते, हे दिवाळीच्या आदल्या रात्री एस.टी. स्थानकावर उभे राहिलेल्या कोणालाही सांगावयास नको. खाजगी बसवाला त्या रात्री दुप्पट भाडे मागतो तो स्वभावाने दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर सारी मागणी एका रात्रीत एकवटते म्हणून. डच सरकारने हे ओळखून शाळांच्या सुट्ट्यांसाठी देशाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग केले आहेत आणि उन्हाळ्याची सुट्टी त्या तीन भागांत पुढेमागे ठेवली आहे. हॉलंड आपल्या कोकण विभागाहून फारसे मोठे नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या तजविजीचे नवल वाटते.

आपल्याकडील लायडन

आपल्याकडे असे काही नाही असे मानण्याचे कारण नाही. मला तर वाटते, आपल्याकडे ते अधिक आहे. आपण पाहावयास जात नाही इतकेच. पोळ्याच्या संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पकडावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात उतरावे. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे बांबू, कागद आणि कापड यांची प्रचंड स्त्रीप्रतिमा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे तेथील परंपरा सांगते. योगायोग असा, की हुंडीचा कायदा आणि काळी मारबत या दोघींचे जन्मवर्ष एकच. दोन्ही मारबती जुन्या शहरात समोरासमोर येतात, लोटालोट होते आणि रोगराई, महागाई, लाचलुचपत हे सारे घेऊन जाण्याची तिला हाळी दिली जाते. सोबत ‘बडगे’ असतात. त्या वर्षीच्या ज्या गोष्टीवर, ज्या धोरणावर लोकांचा राग असेल तिचे सोंग म्हणजे बडग्या. शेवटी सारे जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसले यांच्याशी लोक जोडतात. त्याच दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात. नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या दिवशी स्थानिक सुट्टी देण्याचा प्रघात आहे, आणि ही सुट्टी तिच्या नावाला जागणारी आहे. कारण मारबत पुण्यात नाही, कोल्हापुरात नाही. अग्रलेखांनी जे काम वर्षभर करावयाचे ते नागपूरकर एका सकाळी बांबू-कागदांनी करतात, असे म्हटले तर संपादकांनी राग मानू नये.

नाशिकला रंग धुळवडीला नव्हे तर रंगपंचमीला खेळतात आणि तोही ‘रहाडी’त. पेशवेकालीन समजले जाणारे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली पुरलेले असतात. तेवढ्या दिवसापुरते उकरून, धुऊन, रंगाच्या पाण्याने भरतात आणि सण झाला की पुन्हा बुजवून त्यावरून वाहतूक सुरू करतात. राज्याच्या तक्त्यात रंगपंचमीला जागा नाही. साताऱ्याजवळ बावधनला त्याच दिवशी बगाड असते. म्हणजे एकाच तिथीला दोन गावे इतकी निराळी वागतात.

कोकणात तर तक्ता हात टेकतो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्याही छापील पंचांगात आधी सापडत नाही. तिला ठरलेली तिथी नाही. पारध होते, देवीचा कौल घेतला जातो आणि मग तारीख जाहीर होते. ती कळली, की मुंबईतील चाकरमान्यांचे फोन खणखणू लागतात आणि रेल्वेला जादा गाड्यांचा विचार करावा लागतो. जानेवारीचा तक्ता डिसेंबरात छापणाऱ्या शासनाने अशा देवीचे काय करावे? याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याला, डचांनी सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमारास, वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरविणे हे तिचे एक काम होते. पडक्या भिंती आणि त्यांवर वाढलेली झाडे एवढेच तिचे आज शिल्लक आहे. लायडनचा वेढा उठून पुरती शंभर वर्षे झाली नव्हती तेव्हा त्याच राष्ट्राचे कारकून वेंगुर्ल्यात बसून मिरीचा हिशेब लिहीत असतील आणि बाहेर एखाद्या गावच्या जत्रेचा ढोल ऐकत असतील. त्यांनाही तो दिवस कामाचाच असणार.

हे पाहावयाला पैसा फार लागत नाही. एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढावा आणि मनाला येईल त्या गाडीत बसावे. आपल्या मराठी मध्यमवर्गाची पाठीवरच्या पिशवीची जर काही यात्रा असेल तर ती हीच. अडचण येते ती रात्रीच्या निवाऱ्याची. धर्मशाळा गेल्या किंवा मंगल कार्यालये झाल्या. लॉजवर एकट्या माणसाकडे संशयाने पाहतात. एका तालुक्याच्या गावी मला ‘फॅमिली असेल तरच’ असे स्पष्ट सांगण्यात आले. एकट्या मुलीने असा प्रवास करू म्हटले तर तिला घरातून आणि लॉजमधून, दोन्हीकडून नकार. हॉलंडातील आठ खाटांच्या खोलीत माझ्या समोरच्या खाटेवर पोर्तुगालची एक विद्यार्थिनी होती. तिला कोणी काही विचारले नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी वीस स्वच्छ खाटांचे वसतिगृह, एवढी गोष्ट पर्यटनाच्या कोट्यवधींच्या आराखड्यांतून का सुटते हे मला कळलेले नाही.

तारखांची हेराफेरी

आता दुसरी बाजू. मुंबई शहर आणि उपनगर यांच्या स्थानिक सुट्ट्यांत गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी हे दोन दिवस वर्षानुवर्षे असतात. २०२५ मध्ये गोपाळकाला १६ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. दोन्ही शनिवार. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे दोन्ही सुट्ट्या ‘वाया’ जाणार होत्या. तेव्हा शासनाने त्या बदलून ८ ऑगस्टची नारळी पौर्णिमा आणि २ सप्टेंबरचे गौरी विसर्जन हे दिवस दिले. कर्मचाऱ्यांना आनंद झाला. त्यात मला काही वावगे वाटत नाही. मौज अशी, की मुंबईचे सर्वांत जुने रहिवासी जे कोळी, त्यांच्या नारळी पौर्णिमेला मुंबईत सुट्टी मिळाली ती या वारांच्या अपघाताने. कोळीवाड्यांनी मागणी केली म्हणून नव्हे, कचेरीचा शनिवार वाचावा म्हणून. सुट्टी गावाची की कचेरीची, हा प्रश्न येथे उभा राहतो. डचांनाही हा मोह आहे. त्यांच्या राजाचा वाढदिवस २७ एप्रिलला असतो. तो रविवारी आला तर उत्सव शनिवारी २६ ला करतात, जसा २०२५ मध्ये केला. परंतु त्यांच्या हलवाहलवीत दिवस सरकतो, सण तोच राहतो. आपण सण बदलून सुट्टीची संख्या कायम राखली.

यापेक्षाही अवघड प्रश्न माझ्या स्वतःच्या परिसराचा आहे. कोन हे कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की लागणारे, भिवंडी तालुक्यातील गाव. येथून भिवंडीपर्यंत यंत्रमाग आणि गोदामे. चैत्र-वैशाखात आमच्याकडील आगरी गावांत गावदेवीच्या जत्रा होतात. प्रत्येक गावाची तिथी निराळी, म्हणजे आज या गावचे पाहुणे त्या गावी आणि उद्या त्या गावचे या गावी. लायडन आणि आल्कमार यांच्यातील व्यवस्था हीच. माघ पौर्णिमेला हाजी मलंगच्या डोंगरावर जत्रा भरते. मागावर काम करणारा तेलुगू पद्मशाली बतुकम्मा मांडतो, पूर्वेकडून आलेला बिहारी कामगार छठसाठी खाडीचा काठ शोधतो, अन्सारी विणकराच्या घरी ईद असते. इतके सण एका तालुक्यात असलेले ठिकाण युरोपात शोधून सापडावयाचे नाही.

आणि यांपैकी एकाही सणाला मागावरच्या माणसाला पगारी सुट्टी नाही. त्याची मजुरी मिटरवर. माग थांबला, मजुरी थांबली. गावाला जाऊन आलेल्या कामगाराला विचारावे तर तो सणाचा खर्च सांगताना गाडीभाडे, कपडे आणि बुडालेली मजुरी अशा तीन रकमा सांगतो. त्यांत तिसरी बहुधा सर्वांत मोठी असते. पुष्कळसे माग कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील अशा लहान लहान तुकड्यांत मांडलेले आहेत, हे भिवंडीत कोणाला नवीन नाही. गोदामांची कथा उलटी. दसरा-दिवाळीच्या तोंडावर साऱ्या शहरांचा सण खोक्यांतून आमच्या गावावरून जातो. त्यामुळे सणाचे दिवस हेच तेथे जादा पाळ्यांचे दिवस. जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी मला मिळते, तलाठ्याला मिळते, माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही महाविद्यालयापुरती मिळते. त्या दिवशी त्यांतील काही गोदामात पूर्ण पाळी करतात.

येथे हॉलंडचा आदर्श फार ताणू नये. त्या देशात सणाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळण्याचा हक्क कोणत्याही सर्वसाधारण कायद्याने दिलेला नाही. तो कामगार संघटना आणि मालक यांच्यातील करारांवर अवलंबून असतो. ५ मेच्या मुक्तिदिनी सरकारी नोकराला दरवर्षी सुट्टी असते. खाजगी नोकरीतील अनेकांना ती पाच वर्षांतून एकदाच मिळते. मात्र काही करारांत अलीकडे एक सोय आली आहे. पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुट्टी नको असेल तर कामगाराने ती देऊन तिच्या बदल्यात ईदची किंवा अन्य सणाची घ्यावी. तुर्की आणि मोरोक्कन कामगारांची दुसरी-तिसरी पिढी तेथे वाढल्यावर ही गरज पुढे आली.

आपल्याकडे याच धर्तीचे काही आधीपासून कायद्यात आहे, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये कामगाराला वर्षात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या मिळावयास हव्यात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवावयाचे. मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, म्हणजे लहान गोदामांतील कामगार त्यातून बाहेर पडले. तरीही मोठ्या गोदामांपुरते हे चार दिवस शिल्लक आहेत. ते गावाने, भाषेने, धर्माने निरनिराळ्या असलेल्या माणसांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहेत. जिल्हाधिकाऱ्याला तीन दिवसांत जे साधत नाही ते कदाचित येथे साधेल.

सोपे नाही, हे मी जाणतो. लायडनला एकच वेढा आणि एकच दिवस. भिवंडीला असा एक दिवस सापडणे कठीण. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर येथील एका सबंध पिढीला सण म्हटला की पोलिसांचा बंदोबस्तच आठवत असे. १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, हेही तितकेच खरे. त्या समित्यांत एकमेकांच्या मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ यांवर बोलणे होत असे. एकमेकांच्या सुट्टीवर बोलणे त्याहून अवघड असण्याचे कारण नाही. ही मागणी करावयाची कोणी, एवढाच प्रश्न आहे. कारण कंत्राटदारामार्फत कामावर आलेल्या तरुणाचा मालक कोण, हेच पुष्कळदा त्याला ठाऊक नसते.

गेल्या सत्रात श्रमबाजार हा घटक शिकविताना मी वर्गात हे कलम वाचून दाखविले आणि प्रत्येकाने आपले चार दिवस चिठ्ठीवर लिहावेत असे सांगितले. कायद्यात असे काही आहे हे गोदामात काम करणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. चिठ्ठ्यांत गावदेवीची जत्रा होती, बकरी ईद होती, आंबेडकर जयंती, छठ, बतुकम्मा आणि दिवाळीचा पाडवा होता. एका मुलीने बहिणीच्या गावच्या जत्रेची तिथी लिहिली होती, आपल्या गावची नव्हे. आणि रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्या एका मुलाने चारही ओळींवर एकच शब्द लिहिला होता : रविवार. साप्ताहिक सुट्टी ही या आठांतून मागावयाची नसते, ती त्याच कायद्याने वेगळी मिळावयाची असते, हे त्याला तास संपल्यावर समजावून सांगावे लागले.